पोट माझं आहे

९ फेब्रुवारी

ताई,

फोन का उचलत नाहीस, असं तू तीनदा विचारलंस. फोनवर तू रडतेस, मग मी ओरडते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, ही मोठीच सोय.

तर ऐक. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढला, सहा महिने केमो झाली आणि सगळ्यांनी 'सुटलीस बाई' म्हणून पाठ थोपटली. सुटले नव्हते. गेले तीन महिने पोट फुगत होतं. पॅन्टचं बटण लागेना. मला वाटलं, दिवसभर गाडीत बसून लोकांना गाडी शिकवायची, पोट सुटणारच. पाळीचंही वेळापत्रक कोलमडलेलं. बायकांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं, होतं असं. सेहेचाळीस म्हणजे वय झालं का गं?

मागच्या महिन्यात बँकेतल्या एक बाई गाडी शिकत होत्या. चौकात सिग्नल लाल झाला आणि त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पट्टा माझ्या पोटावर आवळला आणि मी अशी किंचाळले की त्या बिचाऱ्या गाडी तशीच सोडून खाली उतरल्या, चाकाखाली कोण आलं ते बघायला. मागे हॉर्नचा कल्लोळ. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांपुढे अंधारीही.

दुसऱ्या दिवशी स्कॅन केला. दोन्ही अंडाशयांवर गाठी आहेत. डावीकडची संत्र्याएवढी, उजवीकडची लिंबाएवढी. हा नवीन कॅन्सर नाही. आतड्यातलाच तिथे जाऊन बसलाय. बिऱ्हाड बदललं, भाडेकरू तोच.

डॉक्टरांनी विचारलं, सख्खी भावंडं किती? मी म्हटलं, एक बहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. ते म्हणाले, त्यांच्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी झाली का? मी म्हटलं, झाली असेलच, दोन वर्षांपूर्वीच तिला सांगितलं होतं.

झाली ना गं?

तुझी
ढबू

१७ फेब्रुवारी

चि. ढबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर एक गिऱ्हाईक कोटाची बाही आखूड करायला उभं होतं. मी टाचण्या लावत होते, त्यातली एक त्याच्या मनगटाला टोचली. एवढंच सांगते. रडले की नाही ते विचारू नकोस.

आता मोठी म्हणून सांगते ते ऐक. गाडीचं काम बंद कर. घरी पड. डॉक्टरांशी हुज्जत घालू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. ते शिकलेले लोक आहेत, म्हणतील तसं वागावं. आणि 'भाडेकरू' वगैरे थट्टा करू नकोस गं.

सोबत दोन पॅन्ट्स पाठवतेय. कंबरेला मऊ इलॅस्टिक लावलंय, पुढची शिवण काढून टाकलीय, कुठे काही टोचणार नाही. आणि गाडीच्या पट्ट्याला गुंडाळायला एक गादी शिवलीय. गाडी बंद कर म्हणते आणि गादीही पाठवते, हसू नकोस.

माझ्या तपासणीचं म्हणशील, तर झाली. परवाच. सकाळी चहा-बिस्किटं खाऊन गेले, दहा मिनिटांत मोकळी झाले. काही निघालं नाही. तेव्हा माझी काळजी डोक्यातून काढून टाक.

तुझी भाची बरी आहे. पोस्टातली नोकरी आता कायम झाली. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, उगाच जिवाला घोर नको.

तुझी
ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

पॅन्ट्स झकास बसल्या. गादी तर अशी की शिकायला येणारे विचारतात, कुठे मिळते?

आता तुझ्या थापेकडे वळू.

चहा-बिस्किटं खाऊन गेलीस? दहा मिनिटांत मोकळी झालीस? अगं, त्या तपासणीच्या आदल्या दिवशी अन्नाचा कण पोटात जाऊ देत नाहीत. मोठा जग भरून खारट औषध प्यायला लावतात आणि मग माणूस संडासातच मुक्काम ठोकतो. ज्याची ती तपासणी झालीय तो ती जन्मात विसरत नाही. तू लहानपणीही अशीच पकडली जायचीस. न विचारलेलं जास्तीचं सांगायचीस.

तू डॉक्टरांकडे गेलेलीच नाहीस. का ते मला विचारायचंय, पण आधी माझं ऐक.

मोठ्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो होतो. आमचा चष्मेवाला माझ्या उजव्या हाताला बसला होता. डॉक्टर फाईल बघत होते आणि त्याच्याशीच बोलत होते. "मिसेसना आता त्रास देऊ नका. ऑपरेशनने काही साधणार नाही. औषध चालू ठेवू. घरी आनंदात ठेवा."

आमचा नवरोबा मान हलवतोय. दुकानात गिऱ्हाइकाला चार काचा बदलून 'आता दिसतंय का' म्हणून दहादा विचारणारा माणूस, इथे एक प्रश्न विचारेना.

मी म्हटलं, "डॉक्टर, पोट माझं आहे. इकडे बघून बोला."

ते म्हणाले, "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच मी..."

"त्रास होतोच आहे. तो काय आहे ते न कळता होतोय, एवढंच. ऑपरेशनने काही साधणार नाही म्हणजे नेमकं काय नाही? बरी होणार नाही, की जगणार नाही, की तुम्हाला करायचं नाही?"

नवऱ्याने माझा हात दाबला. गप्प बस म्हणून दाबला की शाबास म्हणून, ते अजून त्याला विचारलेलं नाही. मी फाईल उचलली आणि बाहेर पडले.

मग दुसरीकडे एका सर्जनबाईंकडे गेलो. बाई एवढ्याशा, ऑपरेशनच्या वेळी पायाखाली स्टूल घेतात म्हणे. त्यांनी स्कॅन दिव्यासमोर धरून मला दाखवला. म्हणाल्या, "अंडाशयातल्या या गाठींना केमो फारशी लागू पडत नाही. काढलेल्या बऱ्या. यकृतात, बाकी पोटात आत्ता काही दिसत नाही. पण उघडल्यावरच खरं कळेल. आणि बरं व्हाल अशी हमी मी देणार नाही."

मी म्हटलं, "मीही कुणाला पास होण्याची हमी देत नाही. तरी शिकवते."

त्या हसल्या आणि तारीख दिली. १९ मार्च.

आता माझी अट. तुझी तपासणी झाल्याचा खरा कागद माझ्या हातात पडल्याशिवाय मी त्या दिवशी भरती होणार नाही. मी उगाच धमक्या देत नाही, हे तुला माहीत आहे. अकरावीत कॉलेज सोडणार म्हटलं होतं आणि सोडलं होतं.

ढबू

५ मार्च

चि. ढबूस,
आशीर्वाद.

नऊ दिवस तुला पत्र पाठवलं नाही. चारदा लिहिलं आणि कापडाच्या चिंध्यांबरोबर टाकून दिलं.

मी खोटं बोलले. गेले आठ महिने मला रक्त पडतंय. आधी कधीतरी, आता जवळजवळ रोज. औषधाच्या दुकानातल्या माणसाला चोरट्यासारखं हळूच विचारलं. तो म्हणाला, बसून काम करता ना, मूळव्याध असेल. मला ते ऐकून एवढं बरं वाटलं की मी मलमाच्या दोन नळ्या घेतल्या.

का गेले नाही ते सांगते. तुझ्या पहिल्या ऑपरेशनला मी आले होते. तू आत होतीस आणि मी बाहेर त्या लोखंडी खुर्चीवर पाच तास बसले होते. तिथे बसूनच ठरवलं, की आपल्याला हे असलं तर आपल्याला ते कळायलाच नको. कळलं की ते सुरू होतं, असं काहीतरी डोक्यात बसलं. मूर्खपणा आहे. पण माझ्यासारख्या बाईला घाबरायलाही कुणाची परवानगी लागते गं. जावई नाही, नवरा नाही, लेकीसमोर मी दगडासारखी उभी राहत आले. एकदा हलले तर पुन्हा उभी राहीन की नाही, ही भीती.

तुझी अट वाचून आधी राग आला. स्वतःचा जीव टांगणीला लावून मला धमकावतेस! अशी कुणी बहीण असते का? मग वाटलं, दुसरं कुणी मला हलवूही शकलं नसतं.

१२ तारखेची वेळ घेतलीय. खारट औषधाची पाकिटं कपाटात शिवणाच्या दोऱ्यांशेजारी ठेवलीत. येता-जाता ती माझ्याकडे बघतात.

आणि तू भरती हो. माझ्या कागदासाठी थांबू नकोस.

ताई

८ मार्च

ताई,

थांबणार. वेळेत पाठव.

आणि लेकीला सांग. तिला सोबत घेऊन जा. दगड इतकी वर्षं उभा राहिला, पुरे झालं.

ढबू

१६ मार्च

ढबे,

सोबत कागद आहे. शिक्क्यासकट. उलटून-पालटून बघ.

लेकीला सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग अशी भडकली की शेजारच्यांनी दार वाजवलं. "आठ महिने? आई, मी त्याच घरात राहते! तुझा चहाचा कप मी विसळते!" तिचं बरोबर आहे. मी तिला घोर नको म्हणत होते आणि तिला अंधारात ठेवत होते. मग ती माझ्याशेजारी बसून त्या जगमधलं औषध मोजून देत होती आणि घड्याळ लावत होती. तू म्हणालीस ते सगळं खरं. मी संडासातून बाहेर आले की ती टाळ्या वाजवायची. आम्ही दोघी अशा हसलो की काय सांगू. इतकं हसू कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

आतड्यात मांसाचे तीन कोंब निघाले. दोन साधे. तिसरा कोटाच्या बटणाएवढा, त्याच्या टोकाला बिघडायला सुरुवात झालेली. आतच तारेने कापून काढला. रिपोर्ट काल आला. मुळाशी साफ आहे, पुढे गेलेलं नाही. पोट उघडावं लागणार नाही. डॉक्टर म्हणाले, अजून वर्ष-दोन वर्षं मलम लावत बसला असतात तर वेगळी गोष्ट झाली असती. वर्षाने पुन्हा बघायचं. लेकीचंही चौतिसाव्या वर्षापासून बघायचं, म्हणजे पाच वर्षांनी. तिने लगेच डायरीत लिहूनही टाकलं.

ढबे, त्या चौतिसाव्या वर्षाचं गणित तुझ्या वयावरून काढलंय. तुला चव्वेचाळिसाव्या वर्षी झाला, त्याच्या दहा वर्षं आधी. तुझ्यामुळे माझी लेक आधी सावध होणार. हे तुला कसं सांगावं ते कळेना, म्हणून सरळ सांगितलं.

आता हो भरती.

ताई

२१ मार्च

ती. ताईंना सा. न.

मला पत्र लिहिता येत नाही, तरी लिहितो. तिने भूल द्यायच्या आधी हुकूम सोडला होता, की ताईला तूच लिही, फोन करू नकोस, ती रडेल.

परवा ऑपरेशन झालं. साडेसहा तास लागले. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय आणि पोटातला चरबीचा पडदा काढला. डावीकडची गाठ स्कॅनमध्ये दिसली होती त्याहून मोठी निघाली. डोळ्यांना दिसेल असं आत काही शिल्लक ठेवलेलं नाही, असं सर्जनबाई म्हणाल्या. 'डोळ्यांना दिसेल असं' हे त्यांनी दोनदा म्हटलं. माझा धंदाच डोळ्यांचा असल्याने मला त्याचा अर्थ कळला.

काल ती शुद्धीवर आली. पहिलं वाक्य: "ताईचा कागद फाईलला लावलास का?" लावला आहे.

बाहेर बसलो असताना एक गोष्ट सारखी आठवत होती, ती इथे कबूल करतो. त्या मोठ्या डॉक्टरांसमोर मी तिचा हात दाबला, तो गप्प बस म्हणून दाबला होता. मी घाबरलो होतो. तिला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
चष्मेवाला

१९ एप्रिल

ताई,

घरी येऊन तीन आठवडे झाले. छातीच्या खालपासून जांघेपर्यंत चेन लावलीय मला. तुझ्या धंद्यातली असती तर तू म्हणाली असतीस, टीप सरळ आलीय, हात चांगला आहे.

नवऱ्याने तुला लिहिलेलं मला कळलं. त्याने स्वतःच सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, दाबलास तर दाबलास, माझ्या मागून धावत तर आलास ना. त्यावर तो माणूस जो रडला! बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला टाके असल्याने मिठीही धड मारता येईना. डोक्यावर हात ठेवून बसले.

आता पुन्हा केमो, सहा महिने. थंड वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात. स्टिअरिंगला हात लावायचा तर हातमोजे हवेत. आहेत माझ्याकडे.

एकच राग येतो. अंडाशयं गेली त्याचा नाही, मूल आम्हाला हवंच होतं असं नव्हतं. राग येतो तो भेटायला येणाऱ्यांचा. येतात, मान वाकडी करून बघतात आणि म्हणतात, "किती लढतेस गं तू!" मग आवाज खाली करून नवऱ्याला विचारतात, "किती दिवस म्हणाले?" मी आतून ओरडून सांगते, मला विचारा, मला माहीत आहे! मग सगळे चपला शोधायला लागतात.

लढणारी म्हणू नका म्हणावं. भांडखोर म्हणा. ते मी आधीपासूनच होते.

आणि किती दिवस, ते तुलाही सांगते, कारण आपलं आता खोटं बोलायचं नाही असं ठरलंय. सर्जनबाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या बायकांत काहींना दोन वर्षं मिळतात, काहींना पाच, काही थोड्यांना त्याहून जास्त, आणि तुम्ही कशात बसता ते मला माहीत नाही. मी म्हटलं, कळलं की एकमेकींना सांगू.

ढबू

२ जून, पुढच्या वर्षीचा

ताई,

मधल्या चिठ्ठ्यांमध्ये फक्त हवापाणी लिहीत होते, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं आणि तेच चांगलं होतं. मागच्या जूनपासून आठवड्याला तीन दिवस काम करतेय. बँकेतल्या बाई चौथ्या फेरीत पास झाल्या. परीक्षकाने त्यांना गाडी मागे घ्यायला लावली आणि त्यांनी दोन खांबांमध्ये अशी सरळ घातली, की मी फुटपाथवर उभी राहून शिट्टी वाजवली.

परवाच्या स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात खाली एक ठिपका दिसलाय. वाटाण्याएवढा. रक्तातला कॅन्सरचा आकडाही चढलाय. म्हणजे आला तो परत. पोट स्वच्छ आहे. दर पंधरा दिवसांनी घ्यायचं औषध सुरू करायचंय, पुढच्या शुक्रवारी पहिलं. ठिपका वाढला नाही, तर तोही काढता येईल असं सर्जनबाई म्हणतात.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. दोन कप फुटले. दुसऱ्या दिवशी शिकायला येणाऱ्या सगळ्यांना कळवलं, की शुक्रवार आणि शनिवार बाईंना सुट्टी, बाकी दिवस नेहमीसारखे. एका रिटायर्ड मास्तरांनी विचारलं, "बाई, माझा कोर्स पुरा होईल ना?" त्यांना काही माहीत नाही. मी म्हटलं, "मास्तर, तुमचा क्लच बघता मला अजून दहा वर्षं लागतील."

तू घाबरू नकोस, असं मी लिहिणार नाही. घाबर. पण मला सांगून घाबर.

ढबू

११ जून

ढबे,

घाबरले. तुला सांगितलं. झालं.

आता काल काय झालं ते ऐक, कारण हे तुलाच सांगायचंय.

माझी वर्षाची तपासणी मार्चमध्ये साफ आली, ते तुला कळवलं होतंच. काल लेकीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायला गेले. चौतीसपर्यंत थांबायला ती तयार नाही, मीही नाही. बाकावर माझ्या आधी एक बाई होत्या, पाव भाजायच्या भट्टीवर काम करणाऱ्या. कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. नवीन डॉक्टर होते, घाईतले. दार उघडंच. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

त्या म्हणत होत्या, "रक्त पडतंय, पाच महिने झाले. तिसऱ्यांदा आलेय." ते म्हणाले, "मूळव्याध आहे. उष्णतेचं काम करता. मलम बदलून देतो." त्या 'बरं' म्हणाल्या. अगदी माझ्यासारखं 'बरं', ढबे. सुटकेचं.

मी कधी उठले ते मला कळलंच नाही. दारात जाऊन उभी राहिले. तू तिथे असतीस तर तुला हसू आलं असतं.

म्हटलं, "डॉक्टर, यांना दुर्बिणीच्या तपासणीला पाठवा."

ते म्हणाले, "बाई, बाहेर थांबा. तुम्ही यांच्या कोण?"

मी म्हटलं, "यांच्या मागचा नंबर. मलाही आठ महिने मूळव्याधच होती. माझी धाकटी बहीण मोठ्याने बोलली म्हणून मी इथे उभी आहे. यांची चिठ्ठी लिहिल्याशिवाय मी आत येणार नाही आणि दारातून हलणारही नाही. मागे अकरा माणसं आहेत."

बाकावरून कुणीतरी म्हणालं, "लिहा हो साहेब!" मग आणखी कुणी.

त्यांनी लिहिली. त्या बाई बाहेर आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. मी त्यांना सांगितलं, आदल्या दिवशी काही खायचं नाही, औषध गार करून प्यायचं आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवायचं. त्यांनी ते सगळं हातावर पेनाने लिहून घेतलं.

शुक्रवारी मी तिथे येतेय. औषध चालू असताना तुझ्याशेजारी बसणार आहे, बाहेरच्या खुर्चीवर नाही. आत बसू देत नाहीत, असं कुणी म्हणालं तर मी बघून घेईन.

तुझी
ताई